टर्कीच्या शिकारीला निघताना सामान किती घ्यावे

अमेरिकेत मार्च ते मे या काळात, प्रत्येक राज्याने ठरवलेल्या तारखांनुसार, टर्की या रानटी पक्ष्याच्या नराच्या शिकारीचा मोसम असतो. तिथे राहणारा एखादा मराठी माणूस सहकाऱ्याच्या आग्रहाने या शिकारीकडे वळला, तर नेम धरायला तो प्रशिक्षणात शिकतो. सामान किती घ्यायचे हे मात्र त्याला कोणी सांगत नाही. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौशी शिकार बंदच झाली, त्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांकडूनही काही कळण्याची शक्यता नसते. मग दुकानातला विक्रेता सांगेल ते खरे धरून दहा-बारा खिशांचे जाकीट काठोकाठ भरले जाते आणि पहाटेच्या अंधारात पहिल्या चढावरच ते नकोसे होते.

सामान ठरवताना बहुतेक लोक वजनाचा विचार करतात. तो करायलाच हवा. पण या शिकारीत त्याहून मोठा प्रश्न हालचालीचा आणि आवाजाचा असतो. टर्कीचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने मान किंचित वळवली तरी तिला चहूबाजूंचे दिसते. तिला रंग उत्तम ओळखता येतात आणि ऐकूही चांगले येते. झाडाला पाठ टेकून बसलेल्या माणसाने खिशात हात घालून काही शोधायला सुरुवात केली, की चाळीस पावलांवर आलेला नर आवाज न करता माघारी वळतो. म्हणून प्रत्येक वस्तूबाबत दोन प्रश्न विचारावेत: ही वस्तू सकाळच्या नेमक्या कोणत्या क्षणी लागणार आहे, आणि त्या क्षणी ती न पाहता, आवाज न करता हाताशी येईल का? ज्या वस्तूला या दोन्हींचे उत्तर नाही, ती गाडीत राहू द्यावी.

पहिली पायरी: आधी नियम, मग सामान

काय न्यायचे याचा अर्धा निर्णय राज्याच्या वन्यजीव विभागाची नियमपुस्तिका करून टाकते. वसंतातल्या मोसमात बहुतेक राज्यांत फक्त दाढीवाला पक्षी, म्हणजे छातीवर केसांसारखा झुपका असलेला पक्षी, मारता येतो. ध्वनिमुद्रित आवाज वाजवणारी विजेरी यंत्रे बहुतेक ठिकाणी निषिद्ध आहेत आणि दाणे टाकून पक्षी जमवण्यासही बहुतेक राज्यांत मनाई आहे. छर्ऱ्यांच्या आकाराची मर्यादा राज्य ठरवते. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिसेविरहित काडतुसेच वापरावी लागतात, त्यामुळे दुसऱ्या राज्यातल्या मित्राने दिलेला डबा तिथे चालेलच असे नाही. वेळेचेही तसेच आहे. न्यूयॉर्क राज्याच्या बहुतांश भागात १ ते ३१ मे या मोसमात सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून दुपारी बारापर्यंतच शिकार करता येते; तिथे जेवणाचा डबा सोबत नेण्याचे कारणच उरत नाही, पाणी आणि मूठभर दाणे-खजूर पुरतात. जिथे सूर्यास्तापर्यंत मुभा आहे तिथे पाणी, खाणे आणि बसण्याची सोय यांचा हिशेब पूर्ण दिवसाचा करावा लागतो.

व्हिसावर राहणाऱ्यांनी याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बंदूक आणि काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. त्याला जे अपवाद आहेत त्यांत कोणत्याही राज्याचा चालू शिकार-परवाना हा एक आहे. याचा अर्थ परवाना हा अशा माणसासाठी केवळ शिकारीचा कागद नसून बंदूक हातात धरण्याचा आधार आहे, आणि तो मुदतीत असणे व सोबत असणे या दोन्ही गोष्टींना महत्त्व आहे. राज्याचे आणि शहराचे नियम यापेक्षा कडक असू शकतात, म्हणून उसनी बंदूक घेण्याआधीही वकिलाला किंवा संबंधित खात्याला विचारून घेणे शहाणपणाचे ठरते.

परवाना, त्या मोसमाचा टर्कीचा टॅग आणि एक पेन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून एकाच खिशात कायमचे ठेवावे. पेन क्षुल्लक वाटते, पण जिथे कागदी टॅग पक्षी पडल्याबरोबर तारीख-वेळ भरून पायाला बांधावा लागतो, तिथे पेनाशिवाय पुढे सरकता येत नाही. दोऱ्याचा एक तुकडाही त्याच पिशवीत टाकून द्यावा.

दुसरी पायरी: चालणार की बसणार

यावर बाकी सगळे अवलंबून आहे. टर्की रात्र झाडावर काढते, पहाटे तिथूनच नर ओरडतो आणि उजाडताना सगळे खाली उतरतात. आदल्या संध्याकाळी झाड हेरून ठेवलेले असेल, तर अंधारात जाऊन जवळपास बसायचे आणि तिथेच थांबायचे असा बेत करता येतो. तसे नसेल, तर डोंगरउतारावरून चालत, थांबत, मादीसारखा आवाज देत आणि नराचे उत्तर ऐकत पुढे सरकावे लागते. सकाळी नऊ-दहानंतर माद्या अंड्यांवर बसायला निघून जातात आणि एकटा पडलेला नर पुन्हा उत्तर देऊ लागतो. चालणाऱ्या शिकाऱ्याचा खरा वेळ अनेकदा हाच असतो.

बसण्याचा बेत असेल तर जाड बसकण, पाठीला टेकू देणारी बुटकी खुर्ची, नराला भुलवायला एखाददुसरा नकली पक्षी आणि गरम चहाचा थर्मासही चालतो. चालण्याचा बेत असेल तर बंदूक सोडून अंगावरचे बाकीचे ओझे पाच किलोंच्या आत ठेवावे असे माझे मत आहे, कारण बंदूकच तीन किलोंच्या आसपास असते. अॅपलाचियन डोंगरांत, पेनसिल्व्हेनियापासून उत्तर जॉर्जियापर्यंत, ही मर्यादा पाळणाऱ्याला चढावर धाप लागत नाही आणि धाप न लागलेल्या माणसाचाच नेम स्थिर राहतो. टेक्सास किंवा कॅन्ससच्या मोकळ्या रानात चढ कमी असतात. तिथे एक छोटी दुर्बीण नेणे सार्थ ठरते, कारण अर्धा मैल दूरचा पक्षी नर आहे की मादी हे पाहूनच वळसा घ्यायचा की नाही ते ठरते. पूर्वेच्या दाट झाडीत तीच दुर्बीण गळ्यात आपटत राहते.

चटकन उभारता येणारा कापडी तंबू, ज्याला शिकारी ब्लाइंड म्हणतात, सहसा सात-आठ किलोंचा असतो. मूल सोबत असेल किंवा धनुष्यबाणाने शिकार करायची असेल तर तो न्यावा, कारण मुलांची चुळबूळ आणि धनुष्य ताणण्याची हालचाल तोच लपवतो. पण तो शेताच्या कडेला, गाडीपासून फार दूर नसलेल्या जागी, परवानगी घेऊन, शक्य असल्यास आदल्या दिवशीच लावावा. नवख्याने पाठीवर ब्लाइंड घेऊन सार्वजनिक जंगलात फिरण्याचा विचार सोडून द्यावा.

तिसरी पायरी: बंदूक आणि मोजकी काडतुसे

बारा किंवा वीस बोअरची छर्ऱ्यांची बंदूक या कामाला पुरते. नेम डोके आणि मान यांवर धरायचा असतो, आणि पारंपरिक शिशाच्या छर्ऱ्यांनी चाळीस यार्डांपलीकडे गोळी झाडू नये हा जुना दंडक आहे. टंगस्टनचे नवे छर्रे शिशापेक्षा बरेच घन असतात, घनतेचे प्रमाण साधारण १८ ला ११ असे पडते. त्यामुळे बारीक छर्राही खोल जातो आणि हलकी वीस बोअर बंदूक आता पुरेशी ठरते. चालणाऱ्या शिकाऱ्यासाठी खांद्यावरचे अर्धा किलो कमी करण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे, जरी ही काडतुसे महाग असली तरी. काडतूस कोणतेही असो, मोसमाआधी त्याच बंदुकीतून, त्याच चोकने (छर्रे फार पसरू नयेत म्हणून नळीच्या तोंडाशी बसवलेला अरुंद भाग), कागदावर वेगवेगळ्या अंतरांवरून झाडून पाहावे आणि दहा इंची वर्तुळात छर्रे कुठवर दाट बसतात ते टिपून ठेवावे. स्वतःचे अंतर कळलेल्या माणसाला बाकी आकडे पाठ करावे लागत नाहीत.

काडतुसे किती? चार किंवा पाच. यापेक्षा जास्त नेणाऱ्याने पक्षी कसा मारला जातो याची कल्पना बदलावी, कारण ही एका नेमाची शिकार आहे. ती खिशात एकमेकांवर आपटून खणखणत नाहीत याची खात्री करावी. कापडी पट्टीत खोचली की आवाज थांबतो.

अंतर मोजणारे यंत्र मी सहसा सुचवत नाही. जागेवर बसण्याआधी समोरच्या एका झाडापर्यंत तीस पावले मोजून यावे, त्या झाडाच्या अलीकडे पक्षी आला की तो टप्प्यात आहे असे समजावे. हे दोन मिनिटांचे काम यंत्रापेक्षा भरवशाचे आहे आणि त्यासाठी ऐन वेळी हात हलवावा लागत नाही.

चौथी पायरी: आवाज देण्याची साधने

नवख्याची पिशवी सर्वांत जास्त फुगते ती इथे. लाकडी पेटीचा कॉल, पाटीचा कॉल आणि त्याची काडी, तोंडात धरायचा पडद्याचा कॉल, दाबून वाजवायचा कॉल, घुबडाचा, कावळ्याचा, मोराचासुद्धा: प्रत्येकाची जाहिरात वेगळी आणि प्रत्येक दुकानात ते एका ओळीत टांगलेले. पहिल्या मोसमात यांतले तीनच पुरे आहेत, आणि ते तीन वेगवेगळ्या कामांचे असावेत.

पहिला म्हणजे पेटीचा कॉल, कारण त्याचा आवाज मोठा, शिकायला सोपा आणि वाऱ्याच्या दिवशीही दूरवर पोहोचणारा असतो. त्याचे झाकण पेटीच्या काठावर घासले की मादीची हाक निघते. मात्र चालताना तेच झाकण आपोआप घासले गेले तर जंगलभर अवेळी बोंब होते. म्हणून झाकण आणि पेटी यांच्यामध्ये कापडाची घडी घालून वरून रबरबँड लावावा, आणि सगळे पावाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावे, म्हणजे दवाने लाकूड ओले होणार नाही. ओली पेटी मुकी होते. खडूचा तुकडा सोबत असावा, पण तो तेलकट नसलेला, कॉलसाठीच बनवलेला असावा.

दुसरा म्हणजे पाटीचा कॉल, हळू आणि जवळच्या आवाजासाठी. पक्षी साठ-सत्तर यार्डांवर येऊन अडून बसला की मोठ्या हाकेपेक्षा मादीचा समाधानी, गुणगुणता आवाज अधिक काम करतो, आणि तो पाटीवर उत्तम निघतो. पाटी खरखरीत करायला घासणीचा इवलासा तुकडा लागतो. तिसरा म्हणजे तोंडातला पडदा, ज्याचे मोल एकाच गोष्टीत आहे: दोन्ही हात बंदुकीवर असताना आवाज देता येतो. तो शिकायला आठवडे लागतात, घरातल्यांना त्रास होतो, म्हणून गाडीत सराव करावा. जमेपर्यंत तो नेऊ नये असे काही जण म्हणतात. मी म्हणतो, न्यावा, त्याचे वजनच किती. पण पक्षी समोर असताना त्यावर पहिला प्रयोग करू नये.

नर कुठे आहे हे शोधण्यासाठी घुबडाचा किंवा कावळ्याचा आवाज देतात, कारण अचानक झालेल्या आवाजाला नर प्रतिक्षिप्तपणे ओरडून उत्तर देतो. पूर्वेच्या जंगलात पहाटे खरी घुबडे हे काम फुकट करतात. कावळ्याचा छोटा कॉल मात्र दिवस वर आल्यावर उपयोगी पडतो, आणि तो अंगठ्याएवढा असल्याने चौथा म्हणून खपून जातो.

पाचवी पायरी: नकली पक्षी न्यायचा का

मोकळे शेत, गवताळ मैदान, जंगलातली साफ जागा असेल तर न्यावा. दाट झाडीत किंवा वळणावळणाच्या उतारावर नेऊ नये. तिथे नराला मादी दिसत नाही म्हणूनच तो शोधत पुढे येतो, आणि शोधत आलेला नर टप्प्यात येऊनच थांबतो. घडी होणारी फोमची मादी जाकिटाच्या मागच्या कप्प्यात सहज मावते. कडक प्लास्टिकचा, खऱ्या पिसांचा नर दिसायला देखणा असतो, पण तो खांद्यावर वाहून नेणे हे काम वेगळ्याच माणसाचे आहे.

इथे वजनापेक्षा सुरक्षिततेचा विचार आधी करावा लागतो. नकली पक्षी जंगलातून नेताना पूर्ण झाकलेला असावा, त्याचे डोके किंवा शेपूट पिशवीबाहेर दिसता कामा नये, कारण दुसरा शिकारी जे हलताना पाहतो त्यावर नेम धरण्याचा धोका असतो. तो साधारण वीस यार्डांवर, अशा जागी लावावा की त्याच्या पलीकडून कोणी येत असेल तर तुम्हाला आधी दिसेल. कोवळ्या नराची प्रतिकृती असेल तर तिचे तोंड आपल्याकडे करावे. चिडलेला नर तिच्या समोर यायला बघतो आणि अशा रीतीने तुमच्या बाजूला येतो.

सहावी पायरी: कपडे, गोचीड आणि रंग

टर्कीची वासाची जाण फार कमी असते, त्यामुळे हरणाच्या शिकारीसाठी विकले जाणारे गंधनाशक फवारे, खास साबण आणि कपड्यांच्या बंद पेट्या यांतले काहीही घेऊ नये. एवढ्यावरच बरेच पैसे वाचतात. त्याऐवजी चेहरा झाकणारी जाळी आणि हातमोजे यांवर लक्ष द्यावे, कारण उघडे हात आणि चेहरा हेच सर्वांत जास्त हलतात व चमकतात. लाल, पांढरा आणि निळा हे रंग अंगावर कुठेच नसावेत, अगदी मोज्यांवर किंवा बनियनच्या गळ्यावरही. नर टर्कीच्या डोक्याचे रंग नेमके हेच असतात आणि झुडपाआडून दिसलेला तेवढा रंगही दुसऱ्याला फसवू शकतो. खिशातला पांढरा रुमाल यात येतो हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

मोसमाचा काळ गोचिडांचाही काळ असतो. पर्मेथ्रिनचा ०.५ टक्क्याचा फवारा कपड्यांवर आणि बुटांवर घरी मारून पूर्ण वाळवावा. तो कातडीवर लावायचा नसतो, आणि ओला असताना मांजरांसाठी घातक असतो. पूर्वेकडे आणि मध्यपश्चिमेत लाइम आजार पसरवणारी गोचीड आढळते. दक्षिणेकडच्या लोन स्टार गोचिडीच्या दंशाने काहींना सस्तन प्राण्यांच्या मांसाची अॅलर्जी जडते, म्हणजे मटणाचा रस्सा कायमचा बंद होऊ शकतो. टर्की पक्षी असल्याने ती तेवढी खाता येते, पण हे समाधान फार मोठे नाही. बारीक टोकाचा चिमटा प्रथमोपचाराच्या छोट्या पुडक्यात असावाच. त्या पुडक्यात रक्तस्राव थांबवणारी पट्टी, स्वतःची औषधे आणि एक शिटी एवढे पुरते.

इतर शिकाऱ्यांना माणूस लांबूनच ओळखू यावा म्हणून नारिंगी रंगाचे कापड घडी करून जाकिटाच्या मागच्या कप्प्यात ठेवावे. काही राज्यांत ठरावीक वेळी नारिंगी सक्तीचा असतो; सक्ती नसली तरी परतताना ते हवेच. लाल प्रकाशाची डोक्यावरची बॅटरी, भरलेला फोन, जंगलात जाण्याआधी फोनवर उतरवून घेतलेला नकाशा आणि छोटी सुरी या वस्तूंवर वाद नाही.

सातवी पायरी: घरीच रंगीत तालीम

निवडलेले सामान जाकिटात भरल्यावर भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसावे, गुडघ्यावर रिकामी, तपासलेली बंदूक ठेवावी आणि डोळे मिटून एकेक वस्तू काढून परत ठेवावी. पाटी उजव्या हाताला, काडी तिच्यासोबतच, पेटी डाव्या बाजूला, खडू वरच्या खिशात अशी जागा एकदा ठरली की मोसमभर बदलू नये. या तालमीत जी वस्तू दोनदा शोधावी लागली तिचा खिसा चुकला आहे. जी एकदाही काढावीशी वाटली नाही तिचा पुनर्विचार करावा, प्रथमोपचार आणि नारिंगी कापड सोडून. वेल्क्रोच्या खिशांचा फर्रकन होणारा आवाज बंद खोलीत साधा वाटतो, पण शांत जंगलात तो दूरवर जातो. रोज लागणाऱ्या वस्तू गुंडीच्या किंवा चुंबकाच्या खिशात हलवाव्यात, आणि चुंबकही सावकाश सोडावा, नाहीतर टक् असा आवाज होतो. जाकीट घालून दोन जिने चढून-उतरून पाहावे. काही खणखणले तर तिथेच कळते.

जाकीट विकत घेणे भागच आहे असेही नाही. ट्रेकिंगची लहान पाठपिशवी, कमरेला बांधायची पिशवी आणि फोमची बसकण यांवर पहिला मोसम आरामात निभतो. फक्त पिशवीचा रंग गडद हिरवा किंवा तपकिरी असावा.

आठवी पायरी: परतीच्या ओझ्याची जागा ठेवणे

पूर्ण वाढ झालेला नर सात ते अकरा किलोंचा असतो. जाताना जे वजन सोसवते त्यात हे मिळवून पाहावे, मग दुसरा थर्मास न्यायचा की नाही हे आपोआप ठरते. पक्षी खांद्यावर टाकून जंगलातून चालणे हे धोक्याचे काम आहे. तो जाकिटाच्या मागच्या कप्प्यात किंवा पिशवीत घालावा, वरून नारिंगी कापड गुंडाळावे आणि पंख लोंबू देऊ नयेत. वाटेत दुसरा शिकारी दिसला तर हात हलवू नये, टर्कीसारखा आवाज तर मुळीच काढू नये. जागेवर थांबून स्पष्ट, मोठ्या आवाजात हाक मारावी.

गाडीत बर्फाची पेटी, पाण्याचा मोठा कॅन, जुने टॉवेल, कोरडे कपडे आणि कचऱ्याच्या जाड पिशव्या ठेवाव्यात. मे महिन्यात दुपारी ऊन चढते आणि मांस लवकर थंड करावे लागते, म्हणून आतडी काढण्याचे काम पार्किंगपाशी न करता नियमांत बसेल अशा जागी आधीच उरकावे. मात्र राज्याने लिंगाची ओळख पटेल असे अवयव अंगाला ठेवायला सांगितले असेल तर ते तोडू नयेत. पक्ष्याची नोंद फोनवर किंवा संकेतस्थळावर किती वेळात करायची हे नियमपुस्तिकेत दिलेले असते, आणि जंगलात सिग्नल नसला तर त्यासाठी रस्त्यापर्यंत यावे लागते. घरी पोहोचल्यावर कपडे थेट ड्रायरमध्ये उच्च तापमानावर फिरवून घ्यावेत, म्हणजे शिवणीत लपलेल्या गोचिडी मरतात, आणि त्यानंतरच ते धुवायला टाकावेत.